पावडर एक, भावंडे अनेक

पिकावर बीएचसी पावडर धुरळलेल्या जुन्या शेतकऱ्यांना तिचा कुबट वास अजून आठवत असेल. बेंझीन हेक्झाक्लोराइड हे तिचे नाव मात्र फसवे. भर उजेडात बेंझीनमध्ये क्लोरीन सोडला की त्याचे दुहेरी बंध मोडतात आणि कड्यातल्या सहाही कार्बनना एकेक क्लोरीन चिकटतो. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्येच हे केले होते. कडे उरते, बेंझीन उरत नाही.

हे कडे सपाट नसते, आरामखुर्चीसारखे वाकलेले असते. क्लोरीन त्यावर उभा बसतो किंवा आडवा. सूत्र एकच, बैठक निराळी. म्हणून अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी भावंडे. त्यांत कीटकनाशक म्हणून उपयोगी एकटा गॅमा, तीन क्लोरीन उभे आणि तीन आडवे असलेला. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान डर लिंडेन यांनी १९१२ मध्ये तो वेगळा केला, म्हणून त्याला लिंडेन म्हणतात.

कारखान्यातल्या मिश्रणात गॅमा असतो शेकडा दहा ते पंधरा. बाकीचा बिनकामाचा माल आपण पैसे मोजून शेतात टाकत होतो! त्यातला बीटा सर्वांत चिवट. त्याचे सहाही क्लोरीन आडवे, ऐसपैस बसलेले. रेणू सहजी मोडत नाही. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, चरबीत मात्र साठतो. चाऱ्यातून म्हशीच्या पोटात, तिथून दुधात.

मिश्रणावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली, लिंडेनच्या वापरावर २०१३ मध्ये.