पेटीमास्तरांचे प्रश्न

(स्नेहमेळाव्यातील भाषण, बोलले तसे, थोडी काटछाट करून)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘अमेरिकेतल्या त्या गाडीच्या सहलीवर पंधरा मिनिटं बोल. पुढच्या वर्षी बाराजण यायचं म्हणतायत, त्यांना माहिती मिळेल.’ तेव्हा आज मी वक्ता कमी आणि सहलीचा कारकून जास्त आहे, असं समजा.

भूगोलाचे सर समोर बसलेत. सर, आठवीत तुम्ही फळ्यावर उत्तर अमेरिकेचा नकाशा काढून पाच सरोवरं निळ्या खडूनं भरली होती. सुपीरिअर मला लक्षात राहिलं, कारण ते मी परीक्षेत आफ्रिकेत दाखवलं होतं आणि त्याबद्दल छडी खाल्ली होती. नोकरीनं मला पुढे मिनेसोटात नेऊन टाकलं. त्या सरोवराच्या काठी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तळहात आपोआप मागे गेले. साधारण ८२,००० चौरस किलोमीटर पाणी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. आणि सगळं गोडं! समोरचा काठ दिसत नाही. ह्या राज्याला दहा हजार तळ्यांचा मुलूख म्हणतात. खरा आकडा त्याहून मोठा आहे, मोजलेली ११,८४२ भरतात. उत्तरेला गेलं की तळं, जंगल, पुन्हा तळं.

ह्या मुलखात हिंडायचं तर आरव्ही घ्यायची. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन रूम किचन. झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं आत. चालवायला साधं लायसन्स पुरतं. पेट्रोल मात्र पिते, लिटरला चार किलोमीटर धरा.

पहिली सहल आम्ही केली २०१८ च्या जूनमध्ये. भारतातून आलेले आपले तिघे आणि मी. ती कशी झाली ते सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल.

एक म्हणजे जून. जूनमध्ये तिथले डास आणि काळ्या माश्या नव्या उमेदीत असतात. आपल्या एका मित्रानं (नाव सांगत नाही, पण तो पोलीस खात्यातून निवृत्त झालाय) तीन दिवस डोक्यावर जाळी घालून चहा प्यायला.

दुसरं, वीज. कॅम्पच्या खांबावरून तीस अँपिअरची जोडणी मिळते. एसी चालू, मायक्रोवेव्हमध्ये भात, आणि तेवढ्यात कुणीतरी विजेची किटली लावली की खटका पडलाच. पहिल्या रात्री चार वेळा पडला.

तिसरं, गाडी सपाट उभी करणं. गाडीतले जुन्या पद्धतीचे फ्रीज गॅसवरही चालतात, पण गाडी तिरकी उभी राहिली तर ते थंडच करत नाहीत. हे आम्हाला दूध नासल्यावर कळलं. आमच्यातल्या एकाचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये होतं. तो शांत होता, वापरात असलेली बाटली साध्या तापमानाला काही आठवडे टिकते हे त्याला माहीत होतं. जास्तीच्या बाटल्यांचं काय, ह्या विचारानं मी मात्र रात्रभर जागा. तेव्हापासून माझ्या सामानात गवंड्याकडं असतो तसला पाणसळ असतो. आधी पाणसळ, मग चाकाखाली फळ्या, मग चहा.

चौथं सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलंच पाहिजे. गाडीखाली दोन टाक्या असतात. एकीत भांड्या-अंघोळीचं पाणी, दुसरीत संडासाचं. निघताना त्या ठरलेल्या जागी आपल्या हातानं रिकाम्या करायच्या. संडासाची आधी, अंघोळीची नंतर, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुऊन निघते. आम्ही उलटं केलं. पुढचं तुम्हाला जेवायचंय म्हणून गाळतो.

पण खरी चूक ह्यातली कुठलीच नव्हती.

त्या सहलीचे फोटो मी आपल्या ग्रुपवर टाकले. गूजबेरीचा धबधबा, १९१० सालापासून कड्यावर उभं असलेलं स्प्लिट रॉकचं दीपगृह, शेकोटी, थालीपीठं. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. रात्री फोन आला आपल्या पेटीमास्तरांचा. (ते तिसऱ्या रांगेत बसलेत. हे सांगायची परवानगी त्यांनी दिलीय, ‘माझं रडगाणं करू नकोस’ ह्या अटीवर.) पेटीमास्तर त्या वेळी मुलीकडे शिकागोला होते. आमच्यापासून साडेसहाशे किलोमीटर. आणि ते तिथं आहेत हे मला माहीत होतं.

ते म्हणाले, ‘फोटो छान आहेत. मला विचारलं का नाहीस?’

मी म्हणालो, ‘अरे, जंगल, दगडधोंडे, गाडीच्या पायऱ्या... तुला त्रास झाला असता.’

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, ‘पाचाडलाही तू हेच म्हणाला होतास.’

आठवीची रायगडची सहल तुम्हाला आठवत असेल. हजारावर पायऱ्या. पोलिओनं अधू झालेला पाय आणि कुबड्या घेऊन पेटीमास्तर आपल्याबरोबर एसटीनं पाचाडपर्यंत आले होते. वर जायच्या वेळी बाईंनी विचारलं, ‘ह्याच्याबरोबर खाली कोण थांबेल?’ आपण सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागलो. मी शेजारीच होतो. मी म्हणालो, ‘बाई, त्याला वर त्रास होईल, तो शिपाईमामांबरोबर दप्तरं सांभाळेल.’ त्याला कुणी काही विचारलंच नाही. संध्याकाळी उतरल्यावर तो हसून म्हणाला, ‘जिजाऊंची समाधी तुम्ही जाताजाता पाहिलीत, मी दिवसभर पाहिली.’ आपण त्याच्या हसण्यावर निभावून नेलं.

फोनवर ते पुढं म्हणाले, ‘कदाचित मी नाहीच म्हणालो असतो. पण ते मला म्हणू द्यायचंस.’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. मी एवढंच म्हणालो, ‘पुढच्या वेळी तूच आख.’ मधे करोनाची वर्षं गेली. २०२३ च्या ऑगस्टची सहल त्यांनी आखली.

त्यांचं आखणं म्हणजे प्रश्न. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती इंच? बाथरूमचं दार किती रुंद? आत बसून अंघोळ करता येते का? गाडीची जागा खडीची की डांबरी? नळ किती पावलांवर? सर, इतके प्रश्न मी तुमच्या तासालाही ऐकले नव्हते! मी टेप घेऊन तीन ठिकाणच्या भाड्याच्या गाड्या मोजून आलो. पहिल्या दोन गाड्यांत दारातून कुबड्या जात नव्हत्या. तिसरीत आडवं होऊन जमत होतं. पायरीसाठी सुतारकाम येणाऱ्या शेजाऱ्याकडून रुंद लाकडी पाट करून घेतला.

आणि मला एक गोष्ट कळली, जी मी पंचवीस वर्षं तिथं राहून शोधली नव्हती. तिथल्या सरकारी उद्यानांत अपंगांसाठी सपाट, संडासाजवळच्या जागा वेगळ्या राखलेल्या असतात, आरक्षण करताना त्यावर खूण असते. बेमिजी तळ्याच्या उद्यानात तर रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालणारी विजेची खुर्ची मिळते. तिथंच दलदलीच्या जंगलातून फळ्यांची वाट काढलीय. दोन्ही बाजूंना शेवाळ आणि कीटक खाणाऱ्या वनस्पती, पाय कोरडे. पेटीमास्तर तिथं माझ्या पुढं होते.

तिथून जवळच इटास्का. १८९१ पासूनचं उद्यान, पाइनचं जुनं रान, आणि मिसिसिपीचा उगम. तळ्यातून पाणी एका दगडांच्या ओळीवरून निसटतं, तीच नदी. गुडघाभर पाणी, रुंदी आपल्या शाळेच्या व्हरांड्याएवढी. शेजारी खांबावर कोरलंय की इथून समुद्र २,५५२ मैल. आणि निघते चक्क उत्तरेकडे, मग विचार बदलून दक्षिणेला वळते. लोक त्या दगडांवरून नदी ओलांडतात, फोटो काढतात. दगड शेवाळलेले असतात. मी पेटीमास्तरांकडे पाहिलं, आणि ह्या वेळी तोंड मिटून ठेवलं.

ते म्हणाले, ‘ओलांडायची नाही. बसायचंय.’ काठच्या एका दगडावर बसले, कॅलिपर सोडलं, आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. तासभर. मी दुसऱ्या काठाला गेलोच नाही. जायचं सुचलंही नाही.

रात्री तळ्यावर लून पक्षी ओरडला. तो तिथला राज्यपक्षी, आवाज लांडग्यासारखा सुरू होतो आणि वर घसरत जातो. मी दचकलो. पेटीमास्तर म्हणाले, ‘मींड आहे रे ही. पेटीवर नाही यायची.’ मग अंधारात अर्धा तास ती गळ्यानं काढायचा प्रयत्न करत बसले. दहानंतर आवाज करायचा नाही असा नियम आहे, तो मोडला. शेजारच्या तंबूतून कुणी काही म्हणालं नाही.

आता कामाचं. येणार असाल तर ऑगस्टचा शेवट धरा, डास कमी असतात. जागांचं आरक्षण एकशेवीस दिवस आधी उघडतं आणि चांगल्या जागा सकाळीच संपतात, म्हणजे एप्रिलच्या शेवटी मी गजर लावून बसणार. जळाऊ लाकूड बरोबर आणायचं नाही, त्यातून झाडं मारणारी कीड पसरते, तिथंच विकत घ्यायचं. अन्नाचा एक कणही बाहेर ठेवायचा नाही, अस्वलं येतात, आणि भाजणीचा वास त्यांना आवडणार नाही असं धरून चालू नका. बाराजण म्हणजे तीन गाड्या. नळी धरायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरेल, पोलीस खात्याला सवलत नाही.

गुडघे, पाठ, साखर, घोरणं, ज्याचं जे असेल ते आत्ताच सांगा. मी कुणाच्या वतीनं काही ठरवणार नाही. प्रश्नांची वही पेटीमास्तरांकडे आहे, चहाच्या वेळी नावं तेच लिहून घेतील. बाई, तुमचंही नाव त्यांनी एका पानावर लिहिलंय, पुढं प्रश्नचिन्ह करून. तेवढं त्यांना सांगून जा.