स्पुटनिकने उघडलेले भाषावर्ग
(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी आणि सिनेमागृहात हिंदी चालते, अशा तुम्हां मंडळींना भाषा शिकण्याचे महत्त्व सांगावयास मी येथे उभा राहिलेलो नाही. ते तुम्ही मला सांगावे. या भाषा आपण कोणा सरकारच्या अनुदानावर शिकलो नाही. पोटासाठी शिकलो, शेजाऱ्यासाठी शिकलो. परंतु जी भाषा शेजारी बोलली जात नाही, जिचा उपयोग उद्याच्या बाजारात दिसणार नाही, अशा दूरदेशीच्या भाषेच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलावा काय, आणि उचलला तर तो कोणत्या बुद्धीने, हा प्रश्न निराळा आहे. आज मी त्याच प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या उदाहरणावरून करणार आहे. अमेरिकेचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, या व्यवहारात तो देश दोन्ही टोकांना जाऊन आलेला आहे, आणि त्याच्या या येण्याजाण्यात आपल्या मराठीचाही थोडा संबंध आलेला आहे.

प्रथम एक टोक पाहा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन भाषेविरुद्ध एवढा क्षोभ उसळला की, नेब्रास्का संस्थानाने १९१९ साली कायदाच केला: शाळेत इंग्रजीवाचून दुसऱ्या भाषेतून शिकवावयाचे नाही, आणि आठवी इयत्ता पार होईपर्यंत मुलाला परकी भाषा शिकवावयाचीही नाही. रॉबर्ट मायर नावाचे एक शिक्षक एका चर्चच्या शाळेत होते. त्यांनी १९२० साली दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचावयास शिकविले, आणि त्याबद्दल त्यांना २५ डॉलर दंड झाला. मायर यांनी दंड भरून प्रकरण मिटविले नाही. ते वरच्या न्यायालयांत गेले, आणि १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. भाषा शिकविणे हा शिक्षकाचा अधिकार आहे आणि मुलाने काय शिकावे हे ठरविण्यात आईबापांना स्थान आहे, ही गोष्ट एका खेडवळ शाळेतील पंतोजीच्या हट्टामुळे तेथे प्रस्थापित झाली. आपल्यापैकी अनेकांना ही हकिकत फार परकी वाटणार नाही.

आता दुसरे टोक. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक नावाचा कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. त्याचा बीप बीप आवाज अमेरिकेच्या रेडिओयंत्रांवर ऐकू येऊ लागताच त्या देशाची झोप उडाली. आपण गणितात मागे, विज्ञानात मागे, आणि शत्रू काय बोलतो तेही आपल्याला समजत नाही, असा साक्षात्कार तेथील पुढाऱ्यांना एका पंधरवड्यात झाला! एक वर्ष पुरते उलटण्याच्या आत, २ सप्टेंबर १९५८ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे नाव 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा'. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा. त्यावाचून तिजोरीचे कुलूप निघाले नसते.

या कायद्याचे सहावे प्रकरण भाषांविषयी होते. विद्यापीठांनी परभाषांची आणि त्या त्या प्रदेशाच्या अभ्यासाची केंद्रे चालवावीत, त्यांच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटा मध्यवर्ती सरकारने द्यावा, आणि त्या भाषा शिकणाऱ्यांना वेतन द्यावे, अशी योजना होती. १९५९ साली पहिली १९ केंद्रे उघडली. अग्रक्रमाच्या भाषा सहा ठरल्या: अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन आणि हिंदी-उर्दू. या यादीत फ्रेंच नाही आणि जर्मनही नाही, कारण त्या भाषा विद्यापीठांत आधीच शिकविल्या जात होत्या. ज्या भाषांना बाजारात विद्यार्थी मिळत नाहीत त्यांनाच सरकारचा आधार हवा, हा यामागील विचार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. जे आपोआप चालते त्याला अनुदान देणारी सरकारे पुष्कळ आहेत.

तथापि भीतीने दिलेल्या पैशाला भीतीचा वास येतोच. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याने 'सरकार उलथविण्याच्या कोणत्याही पंथावर माझा विश्वास नाही' अशा आशयाचा प्रतिज्ञालेख लिहून द्यावा, अशी अट कायद्यात होती. हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांनी निषेध म्हणून कर्जयोजनेतून अंग काढून घेतले. पुढे १९६२ साली, केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना, ती अट रद्द झाली. पैसा घ्यावा पण मान वाकवू नये, हे त्या विद्यापीठांनी दाखविले. इतकेच नव्हे, तर मान न वाकविल्यानेही अनुदानाची योजना बुडत नाही, हेही त्यातून दिसून आले.

आता मराठीकडे येऊ. अग्रक्रमाच्या सहा भाषांत ती नव्हती. पण एकदा दार उघडले की बोलाविलेल्यामागून न बोलाविलेलाही आत येतो. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात नॉर्मन ब्राउन या संस्कृत पंडितांनी १९४८ सालीच दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग काढला होता. १९६१ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून भारतविद्येची एक संस्था स्थापिली, आणि तिचे भारतातील बिऱ्हाड पडले ते आपल्या पुण्यास, डेक्कन कॉलेजात. याच वातावरणात मॅक्सीन बर्नसन नावाच्या एक विदुषी मराठी शिकून फलटणला आल्या. फलटणच्या लोकांच्या बोलीत जातीपरत्वे आणि शिक्षणापरत्वे काय फरक पडतो, यावर त्यांनी १९७३ साली पेनसिल्व्हानियाला प्रबंध सादर केला. नंतर इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परक्यांसाठी मराठीचे व्याकरण, एक लहानसा कोश आणि पाठ्यपुस्तके सिद्ध केली. ती १९७५ साली त्याच विद्यापीठाने प्रसिद्ध केली. या कामाला अमेरिकन शिक्षण खात्याचे अनुदान होते. म्हणजे रशियाच्या उपग्रहाला भिऊन बाजूला काढलेल्या पैशातून फलटणच्या ओट्यावर बसून मराठीचे व्याकरण लिहिले गेले. बर्नसनबाई तर परत गेल्याच नाहीत. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था काढून गरिबांच्या मुलांना मराठी वाचावयास शिकविले. वॉशिंग्टनमधील कोणत्याही हिशेबतपासनिसाच्या वहीत हा लाभ मांडलेला सापडणार नाही.

दुसरी गोष्ट याहूनही मौजेची आहे. पी.एल. ४८० हे नाव येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांवरून गेले असेल. त्या कायद्यान्वये अमेरिकेचा गहू आपल्याकडे आला आणि त्याची किंमत आपण रुपयांत भरली. हे रुपये अमेरिकेला बाहेर नेता येईनात. तेव्हा त्यांतील काही रकमेतून भारतात छापलेली पुस्तके घ्यावीत अशी युक्ती निघाली, आणि १९६२पासून अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय भारतीय भाषांतील पुस्तके घेऊन तिकडच्या अनेक विद्यापीठांस धाडू लागले. त्यांत मराठी कादंबऱ्या होत्या, कवितासंग्रह होते, नियतकालिके होती. आपण गहू खाऊन मोकळे झालो. त्या गव्हाच्या मोलाची मराठी पुस्तके अमेरिकेच्या फडताळांत राहिली. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत वाळवीने खाल्लेली काही पुस्तके आज तेथे सुस्थितीत असतील, तर त्याचा आनंद मानावा की खेद, हे मला ठरविता येत नाही.

मोल्सवर्थचा कोश आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मुंबई सरकारच्या आश्रयाने १८३१ साली झाला, आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. राज्यकर्त्यांना प्रजेची भाषा समजावी, हा त्यामागील हेतू. त्यात मराठीवरील प्रेमाचा भाग किती, हे सांगणे कठीण. पण आज कोणी संगणकावर मोल्सवर्थमध्ये शब्द शोधतो, तेव्हा तो बहुधा शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात शोधत असतो. आणि तो संग्रह उभा राहिला तो अमेरिकन शिक्षण खात्याच्या याच परभाषा-निधीतून. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही तेथेच आहे. मराठीचा कोश आधी इंग्रज सरकारच्या गरजेतून झाला आणि मग अमेरिकन सरकारच्या गरजेतून घरोघर पोहोचला. ऑक्टोबर १९२४मध्ये नव्हे, २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. आपले कोश कोणाच्या खर्चाने उघडे राहतात, याची चौकशी त्या दिवशी फारशी कोणी केली नाही.

ती करावयास हवी, कारण भीतीवर उभारलेला आश्रय भीतीबरोबरच सरतो. अमेरिकेत हे वारंवार घडले. १९७०च्या दशकात निधी आटू लागला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाने १९७९ साली देशाच्या भाषाविषयक अडाणीपणावर कडक ताशेरे ओढले. २००१ साली न्यूयॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा अरबी जाणणारी माणसे सरकारी खात्यांना पुरेशी मिळेनात. मग २००६ साली पुन्हा नव्या योजना, पुन्हा शिष्यवृत्त्या. पाच वर्षे गेली, आणि २०११ साली या भाषाशिक्षणाचा निधी एका फटक्यात सुमारे ४० टक्क्यांनी कापला गेला. २०२५ साली तर अमेरिकन शिक्षण खात्यातील हे काम पाहणाऱ्या कार्यालयातील नोकरवर्गाला काढून टाकण्यात आले, आणि चालू केंद्रांच्या अनुदानांचे पुढील हप्तेही थांबविण्यात आले. घराला आग लागली की विहीर खणावयाची, आणि आग विझली की ती बुजवावयाची! भाषा दोन वर्षांत बोलता येईल. तिच्यातील जुना कागद वाचून त्यावर अधिकाराने लिहिणारा मनुष्य व्हावयास वीस वर्षे लागतात. अंदाजपत्रक मात्र दरवर्षी नवे होते.

याच्या उलट उदाहरण शोधावयास आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. बडोद्यात त्या तरुणाला राहावयास जागा मिळू दिली गेली नाही आणि ती नोकरी अल्पावधीतच सुटली. कराराच्या दृष्टीने पाहिले तर संस्थानचा पैसा बुडाला. महाराजांना कोणत्या उपग्रहाने घाबरविले नव्हते, आणि त्या विद्येचे पुढे काय झाले ते मी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, आमच्या शाळांची छपरे गळत असताना परभाषांचे चोचले कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज उत्तम जाणत होते म्हणूनच पणजीच्या दफ्तरखान्यातील कागद बोलके झाले, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास मराठी वाचकाच्या हाती आला. ते पोर्तुगीज शिकले तेव्हा राज्यच पोर्तुगिजांचे होते. १९६१नंतर जन्मलेल्या गोमंतकीयाला ती भाषा आपण होऊन शिकावी लागते. कागद तेवढेच आहेत. वाचणारे कमी होत चालले आहेत. गळणारे छप्पर पुढच्या उन्हाळ्यात शाकारता येते. वाचणाऱ्यांची साखळी तुटली तर ती कोणत्या उन्हाळ्यात जोडणार?

दिल्लीतील ते ग्रंथखरेदीचे कार्यालय अजूनही चालू आहे. गव्हाचे रुपये केव्हाच संपले; आता तिकडची ग्रंथालये आपापला वाटा डॉलरांत भरतात. पुण्यामुंबईत छापलेले मराठी पुस्तक आजही सातासमुद्रापार जाते, त्याची रीतसर नोंद होते आणि ते फडताळात लागते. ते काढून वाचू शकेल असा विद्यार्थी ज्या वर्गांत तयार होत असे, त्या वर्गांचा निधी मात्र २०२५ साली थांबला आहे.