कॅप्टन जयपालसिंग
(हिंगोली जिल्ह्यातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण)



मुंबई-पुण्याहून रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून तुम्ही इथं आलात. तेव्हा आधीच सांगतो, मी मार्गदर्शन वगैरे करणार नाही. मला एका हॉकीवाल्याबद्दल बोलायचंय.

हिंगोली म्हंजे एकेकाळची निजामाच्या फौजेची छावणी. साहेबलोकांचा हा खेळ देशात अशाच छावण्यांतून पसरला. आमच्यापर्यंत तो कसा आला? बाभळीची वाकडी फांदी तोडायची, चिंध्यांचा चेंडू करायचा, आणि आमच्या वस्तीची पोरं विरुद्ध आंध आदिवासींची पोरं. ती वाऱ्यासारखी पळायची. शाळेच्या टीममध्ये मात्र त्यांच्यातला एक नाही, आमच्यातला एक नाही. खऱ्या स्टिका कपाटात आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या जानव्याला.

म्हणून पुढं कॉलेजात कळलं की ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचा कॅप्टन आदिवासी होता, तेव्हा मी चाटच पडलो. ध्यानचंद माहीत होता. कॅप्टनचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

जयपालसिंग मुंडा. जन्म १९०३, रांचीजवळच्या खुंटी भागातलं टकरा गाव. मिशनच्या शाळेतल्या पाद्र्यानं या पोराला विलायतेला नेलं. ऑक्सफर्डला शिकला, हॉकीत तिथं नाव काढलं, आयसीएस पास झाला. म्हंजे कलेक्टरकी दारात उभी. तेवढ्यात १९२८ चं अ‍ॅमस्टरडॅम आलं. रजा मिळेना. हा गेलाच. परतल्यावर साहेब म्हणाले, प्रशिक्षणाचं एक वर्ष जादा कर. यानं आयसीएसच सोडली. आपल्यातला कोण सोडील? मी तर तलाठ्याची नोकरी सोडली नसती.

त्या ऑलिंपिकमध्ये भारतानं पाच सामन्यांत २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही. पण संघातल्या तंट्यामुळं अंतिम सामन्यात कॅप्टनच मैदानात नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१९३९ साली तो आदिवासी महासभेचा अध्यक्ष झाला, नंतर घटना समितीत गेला. १७ डिसेंबर १९४६ ला बाबासाहेब तिथं बोलले. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, जयपालसिंग उभा राहिला आणि म्हणाला, मी जंगली आहे. शिवी होती ती. त्यानं ती छातीवर बिल्ल्यासारखी लावली. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका, असं त्या सुटाबुटातल्या सभेला सुनावलं. इथं बाया फार कमी आहेत, असंही सुनावलं. आपल्या या शिबिरात किती आहेत, मोजा. आणि नावासाठी तो भांडला. आम्हाला आदिवासीच म्हणा, 'वनजाती' वगैरे चालणार नाही. आज जे लोक पाड्यापाड्यात 'वनवासी' शब्द पेरत फिरतात, त्यांना याचं उत्तर तेव्हाच मिळालेलं आहे.

त्याच्या झारखंड पक्षानं १९५२ ला बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. प्रमुख विरोधी पक्ष! मागणी एकच, वेगळं राज्य. राज्य पुनर्रचना आयोगानं ती १९५५ ला फेटाळली. १९६२ ला जागा २० वर आल्या. आणि १९६३ साली जयपालसिंगानं अख्खा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. मंत्रिपद मिळालं ते औटघटकेचं. पुष्कळांना हे पटलं नाही, चळवळीचे तुकडे झाले. २० मार्च १९७० ला तो दिल्लीत गेला. झारखंड राज्य झालं १५ नोव्हेंबर २००० ला. पुन्हा अंतिम सामन्यात कॅप्टन मैदानात नाही.

मी त्याला गद्दार म्हणणार नाही. ज्यानं आयसीएस लाथाडली त्याला लालूच पुरली असेल, हे मला पटत नाही. तो थकला असावा. सत्तेत घुसल्याशिवाय राज्य मिळत नाही, असं त्याला वाटलं असावं. पण थकलेल्या माणसाचा हिशेब वेगळा आणि टकऱ्यात वाट बघणाऱ्या माणसाचा वेगळा. आपण तरी काय केलं? १९५७ चा रिपब्लिकन पक्ष आज कंसातल्या नावांनी ओळखावा लागतो. १९७२ ची पँथर दोन वर्षांत आपसात भांडली. रांचीकडं बोट दाखवायला आपला हात मोकळा नाही.

हे आज का काढलं? परवा मलाही निरोप आलाय. एक मोठा पक्ष, जिल्हा परिषदेचं तिकीट, खर्च त्यांचा. बायको म्हणाली, घे, पोरीची फी थकलीय. ती खोटं बोलत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. जेवणं झाली की पिंपळाच्या पारावर बसू. तुम्ही बोला, मी ऐकतो.