आकडा खरा, पण बांध कोणाचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



२४ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील युव्हाल्डी या लहानशा गावात एका तरुणाने प्राथमिक शाळेत शिरून गोळीबार केला. त्यात १९ मुले आणि २ शिक्षिका मरण पावल्या. दुसऱ्या दिवशी राज्याचे गव्हर्नर ग्रेग ॲबट पत्रकारांसमोर आले, तेव्हा बंदुकीचे कायदे कडक करायला नकोत का, हा प्रश्न निघणारच होता. उत्तरात त्यांनी दूर उत्तरेकडच्या एका शहराचे नाव घेतले, शिकागोचे. टेक्सासच्या शाळांत जेवढ्या लोकांना गोळ्या लागतात त्यापेक्षा जास्त लोकांना शिकागोत एकेका शनिवार-रविवारी लागतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शिकागो, लॉस एंजलिस, न्यूयॉर्क येथे कायदे कडक असूनही गोळीबार थांबत नाही, मग कायद्याने काय साधले, असा त्यांचा सवाल होता.

शिकागो हे नाव आपल्याला परके नाही. तिथे १९६९ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिथल्या गोळीबाराची बातमी आली की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून फोन जातात. म्हणून हा वाद नुसता ‘त्यांचा’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. शिवाय खरा आकडा हाती असूनही माणूस चुकीच्या निष्कर्षाला कसा पोहोचतो, हे शिकायला या वादाइतका चांगला धडा सापडणे कठीण.

पहिली गोष्ट एकूण संख्या आणि दर यांतल्या फरकाची. शेतकरी मंडळींना ती सांगायला नको. वीस एकरवाल्याच्या घरी दोन एकरवाल्यापेक्षा जास्त पोती येणारच. पीक कोणाचे चांगले, हे एकरी उताऱ्यावरून ठरते. माणसांच्या बाबतीत हा उतारा म्हणजे दर लाख लोकसंख्येमागचा आकडा. २०२० साली शिकागोत सुमारे ७७० खून झाले आणि मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात २६० हून थोडे अधिक. यात सर्व हत्यारांनी झालेले खून धरले आहेत, पण अमेरिकेतले बहुतेक खून बंदुकीनेच होतात. नुसते आकडे पाहिले तर शिकागो भयंकर वाटते. पण शिकागोची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या घरात, तर सेंट लुईसची जेमतेम तीन लाख. दर काढला की शिकागोत लाखामागे २८ आणि सेंट लुईसमध्ये ८७ येतात, म्हणजे तिपटीहून अधिक! आणि मिझुरीचे बंदुकीचे कायदे देशातल्या सर्वांत सैल कायद्यांत गणले जातात. तरी सभेत नाव निघते ते शिकागोचे.

मग ॲबट यांचे विरोधक जिंकले म्हणायचे का? इतक्यात नाही. सेंट लुईसच्या आकड्यालाही एक इतिहास आहे. १८७६ साली हे शहर आपल्या भोवतालच्या काउंटीपासून, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यापासून, वेगळे झाले आणि त्याची हद्द तेव्हा जी आखली गेली तीच आजही आहे. पुढे सुखवस्तू वस्ती हद्दीबाहेरच्या उपनगरांत वाढत गेली. आज त्या महानगर परिसरात सुमारे २८ लाख लोक राहतात, पण ‘सेंट लुईस शहर’ म्हणून मोजले जातात त्यातले तीनच लाख. खून मोजले जातात ते याच जुन्या, तुलनेने गरीब भागातले. शांत उपनगरे भागाकारात येतच नाहीत. याउलट फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराने १९६८ मध्ये आपल्या काउंटीशी कारभार एक केला आणि तिथली उपनगरे ‘शहर’ झाली. बांध सरकवला की एकरी उतारा बदलतो, जमीन मात्र तीच राहते. शहरांच्या याद्यांमध्ये कोण पहिला आणि कोण दहावा हे वाचताना त्या शहराचा बांध कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे.

हाच खेळ राज्यांच्या पातळीवर अधिक मोठ्या प्रमाणात चालतो. डेमोक्रॅट पक्षाच्या मध्यममार्गी विचारांना जवळची असलेली ‘थर्ड वे’ ही संस्था आहे. २०२२ साली तिने हिशेब मांडला, की २०२० मध्ये ट्रम्प यांना कौल देणाऱ्या राज्यांतला खुनांचा दर बायडेन यांच्या राज्यांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे दोष ‘लाल’ राज्यांचा. त्याच वर्षी ‘हेरिटेज फाउंडेशन’ या पुराणमतवादी संस्थेने उत्तर दिले. लाल राज्यांतले हे खून होतात कुठे? तर डेमोक्रॅटांच्या हाती असलेल्या मोठ्या शहरांत. म्हणजे दोष ‘निळ्या’ शहरांचा. यावर पहिल्या संस्थेने मोठी शहरे बाजूला काढून पुन्हा हिशेब केला, तरीही लाल राज्यांचा दर वरच राहिला.

यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. एकाने राज्य हे माप घेतले, दुसऱ्याने काउंटी. पण दोघांच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. ज्या भागात अमुक पक्षाला मते जास्त पडतात, तिथला खून त्या पक्षामुळे झाला, असे ते गृहीतक. मिसिसिपीत गरिबी आहे, वंशभेदाचा जुना इतिहास आहे, आरोग्यसेवा तोकडी आहे आणि बंदुका भरपूर आहेत. यातल्या कशाचा वाटा किती, हे मतमोजणीच्या नकाशावरून कळत नाही. खुद्द शिकागोतही खून शहरभर सारखे पसरलेले नाहीत. ते दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या ठरावीक वस्त्यांत एकवटलेले आहेत. सरोवराकाठच्या सुखवस्तू भागात राहणारा माणूस आणि पश्चिमेकडच्या वस्तीतला तरुण एकाच शहराच्या सरासरीत मोजले जातात, पण दोघांच्या वाट्याला आलेले शहर एक नसते.

आता ॲबट यांनी नावे घेतलेल्या शहरांची राज्ये पाहू. २०२१ मध्ये बंदुकीने झालेल्या सर्व मृत्यूंचा दर टेक्सासमध्ये लाखामागे १५.६ होता. कॅलिफोर्नियात तो ९.०, न्यूयॉर्क राज्यात ५.४ आणि शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये १६.१ होता. म्हणजे तिघांपैकी दोन राज्ये टेक्सासपेक्षा पुष्कळ खाली आणि एक जवळजवळ बरोबरीला. मिसिसिपी ३३.९ वर सर्वांत वर, तर मॅसॅच्युसेट्स ३.४ वर सर्वांत खाली.

पण श्रोतेहो, या आकड्यांमध्ये ‘सर्व मृत्यू’ हे दोन शब्द आहेत, त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यातले खून २०,९५८ आणि आत्महत्या २६,३२८. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे स्वतःच्याच हाताने गेली. वायोमिंग हे पाच-सहा लाख वस्तीचे, कुरणांचे आणि विरळ गावांचे राज्य. तिथला दर २६.१, म्हणजे इलिनॉयपेक्षा कितीतरी जास्त. पण वायोमिंगमध्ये टोळीयुद्धे नाहीत. तिथले बहुतांश मृत्यू आत्महत्येचे आहेत. बंदूक-नियंत्रणाचे समर्थक वायोमिंगचा हा दर सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा गोळीबार उभा राहतो. विरोधक म्हणतात, आत्महत्या वगळा, खरा हिंसाचार तेवढाच मोजा. एका बाजूने त्या मृत्यूंना दुसरेच रूप दिले, दुसऱ्या बाजूने ते हिशेबातूनच पुसले.

याचा परिणाम काय होतो? २०२३ साली बंदुकीचे एकूण बळी ४६,७२८ वर आले. खून १७,९२७ इतके कमी झाले. ही समाधानाचीच गोष्ट. पण त्याच दोन वर्षांत आत्महत्या वाढून २७,३०० झाल्या, आणि ही वाढ एकूण घसरणीच्या आड लपली. टोकाची निराशा पुष्कळदा काही तासांची असते. ती ओसरू दिली, जवळ कोणी असले, तर माणूस परत फिरतो. त्या घटकेला बंदूक हाताशी असली तर परतीची वाट फार क्वचित उरते. म्हणून बंदूक घरात कुलूपबंद ठेवणे आणि कठीण काळात ती विश्वासू माणसाकडे सोपवणे, या साध्या उपायांनी जीव वाचू शकतात. पण प्रचारसभेत त्यांना टाळ्या मिळत नाहीत.

आणखी एक मुद्दा हद्दीचाच. कायदा राज्याच्या सीमेवर थांबतो, बंदूक थांबत नाही. शिकागो महापालिकेने २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१३ ते २०१६ या काळात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या आणि मूळ खरेदीपर्यंत माग लागलेल्या बंदुकांपैकी सुमारे ६० टक्के परराज्यांतून आल्या होत्या. शेजारच्या इंडियाना राज्याचा एकट्याचा वाटा २१ टक्के होता. तिथले कायदे सैल आणि सीमा शहराला लागूनच. तेव्हा शिकागोतला गोळीबार हा इलिनॉयच्या कायद्याचा पराभव म्हणायचा, की इंडियानाच्या सैल कायद्याचा परिणाम? पण उरलेल्या ४० टक्के बंदुका इलिनॉयमध्येच विकल्या गेल्या होत्या, हेही त्याच अहवालात आहे. आपल्या सोयीचे ६० सांगायचे आणि ४० गिळायचे, हे दोन्हीकडचे लोक करतात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ते असे.

आकडे गोळा कोण करतो, हेही पाहावे लागते. वर दिलेले देशाचे आणि राज्यांचे मृत्यूंचे आकडे ‘सीडीसी’ या केंद्रीय आरोग्य संस्थेचे आहेत. ते मृत्यूच्या दाखल्यांवरून काढले जातात, त्यामुळे बरेच भरवशाचे असतात. गुन्ह्यांचे आकडे ‘एफबीआय’ गोळा करते, पण ते स्थानिक पोलीस पाठवतील तेव्हा. २०२१ मध्ये नोंदींची पद्धत बदलली, आणि न्यूयॉर्क व लॉस एंजलिस या दोन सर्वांत मोठ्या शहरांच्या पोलिसांची माहिती त्या वर्षीच्या नव्या नोंदीत आलीच नाही. अशा वर्षाची आदल्या वर्षाशी तुलना करून ‘गुन्हे घटले’ किंवा ‘वाढले’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला आधी विचारावे, की या यादीत कोण कोण नाही?

शेवटचा सापळा पायाभूत वर्षाचा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये २०१२ साली ८८ खून झाले, २०२३ साली २७४ आणि २०२४ साली १८७. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गुन्हेगारीचे कारण देऊन राजधानीत नॅशनल गार्डचे सैनिक उतरवले, तेव्हा यावरून मोठा वाद झाला. २०२३ पासून मोजले तर वर्षभरात खून सुमारे एक तृतीयांशाने घटले. २०१२ पासून मोजले तर दुपटीहून वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते सांगायचे हे आकडा ठरवत नाही, वक्त्याचा हेतू ठरवतो. म्हणून दोनच वर्षांची तुलना समोर आली, की मधली आणि आधीची वर्षे मागावीत.

मग आकड्यांवर विश्वासच ठेवायचा नाही का? तसे म्हणणे सोपे आहे आणि तितकेच घातक. आकडे नसतील तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, अशी अवस्था येते. तेव्हा आकडा टाकून देऊ नये, त्याला प्रश्न विचारावेत. ही एकूण संख्या आहे की दर? बांध कुठे घातला आहे? मृत्यू कोणते धरले, कोणते वगळले? नोंद कोणी केली? कोणत्या वर्षापासून मोजले? हे पाच प्रश्न समोरच्या पक्षाच्या आकड्याला आपण आपसूक विचारतो. खरी परीक्षा आपल्याला पटणाऱ्या आकड्याला ते विचारण्यात आहे.

आपल्याकडेही ‘राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागा’चा वार्षिक अहवाल आला, की कोणते शहर गुन्ह्यांत पुढे यावर दोन दिवस कल्ला होतो. गुन्हे वाढणे आणि पोलिसांत गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा तो विभाग स्वतःच देतो. ठाण्यात गेलेल्या बाईची तक्रार निमूट लिहून घेणाऱ्या शहराचा आकडा वाढतो, तिला परत पाठवणाऱ्याचा घटतो. तो इशारा वाचायचे कष्ट मात्र थोडेच लोक घेतात.

युव्हाल्डीची मुले, शिकागोच्या पश्चिम भागातला तरुण आणि वायोमिंगमधल्या एकाकी घरातला माणूस, ही तिन्ही माणसेच. त्यांची दुःखे वेगळी, कारणे वेगळी, उपायही वेगळे. त्यातल्या एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूला उत्तर म्हणून फेकला, की वाद जिंकता येतो, पण तिघांपैकी कोणाचाच प्रश्न सुटत नाही. आकडा ऐकताना त्यामागचा माणूस कोण, एवढे जरी आपण विचारले, तरी पुष्कळ झाले.