कारण न लिहिलेले बोलावणे

म्हैसूर शहराबाहेर मंडकळ्ळीची धावपट्टी आहे. तेथे विमानोड्डाण शिकावयास येणाऱ्या मुलांना प्रथमपासून एक वही जपावी लागते. किती तास उडालो, कोणत्या विमानातून, हे सारे तीत नोंदवावयाचे. वैमानिकाचे आयुष्य असे कागदावर उभे असते. परवाना हवा, वैद्यकीय दाखलाही हवाच. म्हणून सरकारी लिफाफा हाती पडला की त्याच्या पोटात जो गोळा उठतो, त्याची कल्पना इतरांना सहसा यावयाची नाही.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे त्यात गेली. महिन्याभराने प्राथमिक अहवाल निघाला. इंधनपुरवठ्याचे दोन्ही खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, त्याविषयी एका वैमानिकाने दुसऱ्यास विचारले व दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, एवढे त्यात होते. कोण कोणास बोलले, हे नव्हते. लोकांनी मात्र ती जागा आपल्या तर्काने भरून टाकली आणि बोटे मुंबईच्या कॅप्टन सुमीत सभरवाल यांच्याकडे वळली. पंधरा हजारांहून अधिक तास उडालेला हा माणूस उत्तर द्यावयास राहिला नव्हता. अखेर त्यांच्या ९१ वर्षांच्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही, असा दिलासा न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना दिला.

त्यानंतर, जानेवारी २०२६ मध्ये, अपघात-चौकशी मंडळाने सभरवालांच्या भाच्यास बोलावणे धाडले. तोही वैमानिकच, पण अपघाताशी त्याचा संबंध नात्यापुरता. कोणत्या कलमान्वये, कशासाठी आणि कोणत्या नात्याने यावयाचे, याचा पत्रात उल्लेख नाही, अशी तक्रार करून वैमानिक महासंघाने मंडळास कायदेशीर नोटीस दिली.

मंडळाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रश्न आधी कळले तर उत्तरे पढवलेली येतात, हे कोणताही अनुभवी अधिकारी सांगेल. परंतु प्रश्न न सांगणे निराळे आणि कारण न सांगणे निराळे. साक्षीदार, तज्ज्ञ आणि आप्त या तिघांची तयारी एकसारखी नसते. परवान्यावर कारवाई करावयाची तर आधी म्हणणे ऐकावे व कारणे लेखी नोंदवावीत, असे बंधन १९३७ च्या विमान-नियमांनी सरकारवर घातले होते. मग नुसत्या बोलावण्यात एक ओळ का नसावी? कारकुनाला ती लिहावयास अर्धे मिनिटही लागत नाही.

अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा होय, दोष वाटणे नव्हे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचे तेरावे परिशिष्ट सांगते. अशी चौकशी चालते ती माणसे मोकळेपणाने बोलतात म्हणून. आपणांस का बोलावले हे ज्याला ठाऊक नाही, तो वकील बरोबर आणील, शब्द मोजून बोलेल, आणि एखादी क्षुल्लक वाटणारी पण मोलाची गोष्ट सांगावयाची राहून जाईल.