दुचाकीचा ब्रेक : हाताला न कळणारी झीज



सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते १७२४ साली निजाम-उल-मुल्क व मुबारिझखान यांच्यात झालेल्या लढाईमुळे. आज या परिसरातील वाटांवर घोड्यांऐवजी मोटारसायकली धावतात. शाळेत जाणारे शिक्षक, बियाण्याचे पोते नेणारे शेतकरी, पंचायतीच्या कामासाठी फिरणारे सदस्य, या सर्वांचे प्राण चाकाजवळच्या दोन लहानशा पॅडवर अवलंबून असतात.

ब्रेक दाबताच तेलाच्या दाबाने हे पॅड चाकासोबत फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी आवळतात आणि घर्षणाने वाहन थांबते. वेग दुप्पट झाला की थोपवावयाची ऊर्जा चौपट होते. काळ्या मातीचा चिखल व धूळ पॅडची झीज वाढवितात. पॅड झिजले तरी तेल ती जागा भरून काढते; त्यामुळे हाताला फारसा फरक जाणवत नाही. म्हणूनच पॅड डोळ्यांनी तपासणे अगत्याचे आहे. त्यावरील खाच पुसट झाली किंवा घर्षणाचा थर दोन मिलिमीटरवर आला, की नवी जोडी बसविणे इष्ट. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा अंतिम मानावी.

हे काम घरीही करता येते. वाहन सपाट जागी डबल स्टँडवर उभे करावे व डिस्क थंड होऊ द्यावी. बहुतेक गाड्यांत पॅडची पिन आधी सैल करून मग कॅलिपरचे बोल्ट काढतात. सुटलेला कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नये. जुने पॅड कोणत्या क्रमाने बसले होते, हे ध्यानात ठेवावे. आतील भुकटी फुंकू नये. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. त्यानंतर पिस्टन सावकाश मागे सारावा. या वेळी टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडल्यास रंग खराब होतो. पॅड काढलेले असताना ब्रेक मुळीच दाबू नये. नव्या पॅडला वा डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये.

बोल्ट नीट आवळल्यावर ब्रेक घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावा. ही पायरी विसरल्यास पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. नंतर मोकळ्या जागेत अगदी मंद वेगाने परीक्षा घ्यावी. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत पहिले काही दिवस वाहन बेताने चालवावे.

मात्र तेल गळत असेल, ब्रेक स्पंजासारखा दबत असेल किंवा डिस्कवर खोल चरे पडले असतील, तर काम कुशल मेकॅनिककडेच सोपवावे. मागील चाकाला ड्रम ब्रेक असल्यास बहुतेक गाड्यांत ड्रमवरील बाणाची खूण शू कधी बदलावेत हे दाखविते.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना, इंजिनाच्या क्षमतेनुसार, एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था अनिवार्य झाली आहे. परंतु झिजलेल्या पॅडची उणीव कोणतीही यंत्रणा भरून काढू शकत नाही. मृगापूर्वी शेतकरी अवजारे तपासून ठेवतो. त्याच वेळी पंचायतीने व शाळेने गावातील मेकॅनिकला बोलावून सर्वांच्या दुचाकींचे ब्रेक तपासून घेतले, तर अर्ध्या दिवसाच्या श्रमाने एखाद्या घरावरचा मोठा घाला टळेल.