घरगुती सौरसंचाचे आकारमान : बंगळुरूचा अनुभव



घरावर सौर विद्युत संच बसवू इच्छिणारा ग्राहक विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारतो, तो 'किती किलोवॅटचा बसवावा?' हा, आणि पुष्कळदा त्याला उत्तर मिळते, 'छतावर मावेल तेवढा.' तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर चुकीचे नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. संचाचे योग्य आकारमान छताच्या क्षेत्रफळापेक्षा घराच्या विजेच्या गरजेवर अधिक अवलंबून असते आणि त्याहीपेक्षा, संचातून निघणाऱ्या शेवटच्या युनिटला काय मोल मिळते यावर. हे मोल सूर्य ठरवत नाही. ते नियामक आयोग, राज्य शासन आणि केंद्र शासन ठरवतात. गेल्या तीन दशकांत बंगळुरूमध्ये हे मोल अनेकदा बदलले आणि त्याबरोबर 'योग्य आकार'ही बदलत गेला. म्हणून या विषयाच्या अभ्यासासाठी ते शहर उपयुक्त आहे.

१९९५ साली डॉ. हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी बंगळुरू येथे 'सेल्को' ही कंपनी स्थापन केली. वीज न पोहोचलेल्या किंवा नावापुरती पोहोचलेल्या ग्रामीण घरांना सौर दिवे विकणे हे तिचे काम होते. त्या काळात शासकीय कार्यक्रमातील घरगुती संच ठरावीक नमुन्यांचे असत : १८ वॅटच्या पॅनेलवर एक दिवा, ३७ वॅटवर दोन दिवे, ७४ वॅटवर चार दिवे किंवा दोन दिवे व एक पंखा. प्रमाणीकरणामुळे खरेदी व तपासणी सोपी होते हे खरे. पण सर्व घरांच्या गरजा सारख्या नसतात. पहाटे गोठ्यात दोन तास उजेड हवा असलेले कुटुंब आणि रात्री उशिरापर्यंत शिवणयंत्र चालवणारी महिला यांना एकाच मापाचा संच देणे म्हणजे एकाला जास्त भांडवल खर्च करायला लावणे आणि दुसऱ्याला अंधारात ठेवणे. आधी घरातील कामाचे तास मोजायचे आणि मग पॅनेल ठरवायचे, ही पद्धत सेल्कोने रुजवली. डॉ. हांडे यांना २०११ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा हिशोब कोणत्याही विद्यार्थ्याला कागदावर करता येईल. समजा, एका घरात ९ वॅटचे चार सीएफएल दिवे रोज ४ तास लागतात. गरज झाली १४४ वॅट-तास. बंगळुरूच्या परिसरात पॅनेलला दिवसाकाठी पूर्ण क्षमतेचे सुमारे ४ तास मिळतात असे धरले आणि बॅटरी, तारा व धूळ यांत सुमारे ३५ टक्के ऊर्जा वाया जाते असे मानले, तर १४४ ला ४ आणि ०.६५ यांच्या गुणाकाराने भागावे लागते. उत्तर येते ५५ वॅट. ढगाळ दिवसांसाठी थोडी शिल्लक ठेवली की ७४ वॅटचा नमुना योग्य ठरतो. आता तेच चार दिवे ५ वॅटचे एलईडी करा. गरज ८० वॅट-तासांवर येते आणि पॅनेल ३१ वॅटवर. म्हणजे ३७ वॅटचा नमुना पुरतो. त्याच प्रमाणात बॅटरीही लहान होते, आणि अशा संचात वारंवार बदलावी लागणारी महाग वस्तू बॅटरीच असते. वापर कमी करणारे उपकरण आधी, पॅनेल नंतर, हा क्रम या उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

आकारमानाला दुसरी बाजू परतफेडीची आहे. डॉ. हांडे एका पदपथावरील विक्रेत्याचा दाखला देत असत : महिन्याला ३०० रुपये त्याला परवडत नाहीत, दिवसाला १० रुपये परवडतात. गणिताने दोन्ही रकमा एकच आहेत, पण ज्याची मिळकत रोजची आहे त्याच्यासाठी त्या भिन्न आहेत. म्हणूनच कर्नाटकात सौर दिव्यांचा प्रसार ग्रामीण बँकांच्या कर्जाशी जोडला गेला. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँक यांच्यामार्फत व्याजसवलतीची योजना राबवली. पुढे एप्रिल २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवीकरणीय ऊर्जेचा समावेश अग्रक्रम क्षेत्रात केला. व्यक्तिगत कुटुंबासाठी कर्जाची मर्यादा १० लाख रुपये ठरली.

शहरात प्रश्नाचे स्वरूप पालटते. येथे तारांचे जाळे दारात आलेले असते आणि बॅटरीचे काम तेच जाळे करते. दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात जाते, रात्री परत घेता येते आणि महिनाअखेर दोन्हींची वजाबाकी होते. याला नक्त मापन किंवा नेट मीटरिंग म्हणतात. अनेकांचा येथे गैरसमज होतो. बॅटरी नसलेला असा संच वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो, मग भर दुपार का असेना. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाची सुरक्षितता हे त्याचे कारण आहे. वीज जाण्याच्या त्रासावर उपाय म्हणून संच घेणाऱ्याने बॅटरीचा खर्च वेगळा धरला पाहिजे.

बंगळुरू १३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. त्यामुळे तेथील सौम्य हवामान अनुकूल ठरते. १ किलोवॅटचा संच तेथे वर्षाला सुमारे १,४०० ते १,५०० युनिटे देतो. त्यासाठी साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. शहरातील ठरावीक निवासी भूखंड ३० फूट बाय ४० फुटांचा असतो. मोकळी सोडावयाची जागा, जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी वजा जाता ३० चौरस मीटर मिळाले तरी पुष्कळ. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तर साध्या जोडणीत त्याच ओळीतील इतर पॅनेलांचे उत्पादनही खाली येते. एखाद्या छतावर तीन किलोवॅटची जागा दिसते, पण उत्पादन दोनचेच मिळते, ते यामुळे.

या छतावर आणखी एक जुना हक्कदार आहे, सौर जलतापक. बंगळुरूमध्ये पहाटे वर्षातील बहुतेक दिवस गरम पाणी लागते, त्यामुळे तेथे हे उपकरण लवकर लोकप्रिय झाले. बंगळुरू वीजपुरवठा कंपनीने, म्हणजे 'बेस्कॉम'ने, २००७ पासून नव्या इमारतींना जोडणी देताना त्याची सक्ती केली. तो वापरणाऱ्यांना बिलात महिन्याला कमाल ५० रुपयांची सूटही मिळत असे. केंद्रीय मंत्रालयाच्या अंदाजानुसार १०० लिटरचा जलतापक वर्षाला जास्तीत जास्त सुमारे १,५०० युनिटे वाचवू शकतो. त्याला लागणारी संग्राहकाची जागा आहे २ चौरस मीटर. तेवढीच वीज पॅनेलने निर्माण करायची तर १० चौरस मीटर हवेत. ज्या घरात विजेचा गीझर आहे, तेथे पॅनेलची मोजणी करण्यापूर्वी या तुलनेचा विचार व्हायला हवा. विक्रेते तो क्वचितच सुचवतात.

आता दरांकडे वळावे लागेल. ऑक्टोबर २०१३ मध्ये कर्नाटक वीज नियामक आयोगाने छतावरील संचातून जाळ्यात येणाऱ्या विजेसाठी, अनुदान न घेणाऱ्यांना, प्रति युनिट ९.५६ रुपये दर जाहीर केला. घरगुती ग्राहक स्वतः विजेला मोजत असलेल्या दरापेक्षा हा दर चढा होता. अशा स्थितीत स्वतःची गरज किती, हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक अतिरिक्त किलोवॅट वर्षाला सुमारे १३,८०० रुपये आणतो आणि 'छतावर मावेल तेवढा' हेच शहाणपणाचे उत्तर ठरते. पॅनेलच्या किमती उतरल्यावर मे २०१६ मध्ये आयोगाने दर खाली आणले. त्यात वावगे काही नव्हते. चढा दर प्रारंभिक उत्तेजनासाठी असतो, आणि त्याचा भार अखेरीस छत नसलेल्या ग्राहकांवरही पडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' जाहीर झाली. ७५,०२१ कोटी रुपये खर्चाच्या या योजनेचे उद्दिष्ट १ कोटी घरांचे आहे. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि त्यापुढे काही नाही, अशी अनुदानाची रचना आहे. म्हणजे कमाल ७८,००० रुपये. योजनेच्या मार्गदर्शनानुसार महिना १५० युनिटांपर्यंत १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिटांना २ ते ३ किलोवॅट आणि त्यापुढे ३ किलोवॅटहून अधिक क्षमता सुचवली आहे.

या रचनेचा परिणाम पाहण्यासाठी जयनगरमधील एक काल्पनिक कुटुंब घ्यावे. वापर महिन्याला सरासरी ३६०, वर्षाला ४,३२० युनिटे. विजेचा दर २०२४-२५ मधील, सर्व युनिटांना सारखा, ५.९० रुपये. १ किलोवॅटला खर्च ६०,००० रुपये आणि उत्पादन १,४५० युनिटे मानू. पहिल्या २ किलोवॅटचा अनुदान वजा जाता खर्च ६०,००० रुपये आणि वार्षिक बचत १७,११० रुपये येते. रक्कम साडेतीन वर्षांत फिटते. तिसऱ्या किलोवॅटचा निव्वळ खर्च ४२,००० आणि बचत सुमारे ८,४०० रुपये. ५ वर्षे लागतात. येथे घराची गरज संपते. चौथा किलोवॅट पूर्ण ६०,००० रुपयांना पडतो आणि त्याची सर्व वीज जाळ्यात जाते. त्या विजेला अडीच रुपये मिळाले असे धरले तर वर्षाची प्राप्ती ३,६२५ रुपये. ७ टक्के दराने ६०,००० रुपयांवरील व्याजच ४,२०० रुपये होते. विक्रेता चारही किलोवॅटचा हिशोब एकत्र करून दाखवतो, तेव्हा सरासरी आकर्षक दिसते. सीमांत हिशोब केला की चौथा किलोवॅट व्याजसुद्धा सोडवत नाही हे उघड होते. सीमांत आणि सरासरी यांतील भेद परीक्षेत व्याख्येपुरता विचारला जातो, येथे त्याची किंमत ६०,००० रुपये आहे. शिवाय संचाबरोबर मंजूर भार वाढवावा लागला, तर त्यावरील स्थिर आकारही वाढतो.

तथापि बंगळुरूमधील असंख्य घरे या गणितात बसतच नाहीत. राज्य शासनाच्या 'गृहज्योती' योजनेनुसार जुलै २०२३ पासून, २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक १० टक्के, कमाल २०० युनिटांपर्यंतची वीज मोफत आहे. महिन्याचा वापर २०० च्या वर गेला तर मात्र पूर्ण बिल भरावे लागते. १५० युनिटे वापरणाऱ्या आणि बिल शून्य असलेल्या कुटुंबाने २ किलोवॅटचा संच घेतला, तर केंद्राच्या अनुदानानंतरही त्याची बिलातील बचत शून्यच राहते. केंद्र भांडवलाला अनुदान देते, राज्य वापराला. एकाच छतावर दोन अनुदाने परस्परांना छेद देतात. याउलट १९० युनिटांचा हक्क असलेल्या आणि सध्या २३० युनिटे वापरणाऱ्या घराने एलईडी दिवे व जलतापक यांच्या साह्याने ४५ युनिटे कमी केली, तर ५.९० रुपये दराने महिन्याचे १,३५७ रुपयांचे वीजशुल्क वाचते. त्या घरासाठी योग्य आकाराचा सौर विद्युत संच म्हणजे संच नसणे हाच होय. गरीब कुटुंबाला दिलेली मोफत वीज अयोग्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तेच साह्य पॅनेलच्या रूपाने देता आले असते का, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे राहतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी हे उत्तर जसेच्या तसे उचलू नये. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, वरचा टप्पा महाग, खालचा बराच स्वस्त. तेच ३६० युनिटांचे कुटुंब पुण्यात राहत असेल, तर पहिला किलोवॅट तिसऱ्या टप्प्यातील ६० युनिटे आणि दुसऱ्यातील जवळपास तेवढीच युनिटे वाचवतो. दुसरा किलोवॅट सर्वस्वी दुसऱ्या टप्प्यात काम करतो. तिसऱ्याच्या वाट्याला मुख्यतः पहिली १०० स्वस्त युनिटे येतात, आणि त्याच किलोवॅटवर अनुदानही १८,००० रुपयांवर उतरलेले असते. जयनगरच्या घराला ३ किलोवॅट योग्य ठरले. पुण्याच्या घराने मात्र बारा महिन्यांची बिले समोर ठेवून २ किलोवॅटवर थांबण्याचा विचार करावा.